सौरज्वाळा वेगवेगळ्या तरंगलांबींत कशी दिसते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सूर्यावर मोठी ज्वाळा उसळल्याची बातमी आली की सोनेरी कमानींचा एक फोटो सगळीकडे फिरू लागतो आणि त्याच्या मागोमाग प्रश्नही येतात. त्यातले नेहमीचे प्रश्न इथे घेतले आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, काही दोन-चार ओळींत आटोपली आहेत.

सुरुवातीलाच एक सांगून ठेवतो. ज्वाळेचा असा एकच फोटो नसतो. कठीण, म्हणजे जास्त ऊर्जेच्या, क्ष-किरणांत ती संपत आलेली असते तेव्हा मृदू, म्हणजे कमी ऊर्जेच्या, क्ष-किरणांत ती शिखरावर असते, टोकाच्या, म्हणजे क्ष-किरणांना लागून असलेल्या, अतिनील पट्ट्यांत नुकती रंगात येत असते, आणि एच-अल्फात, म्हणजे हायड्रोजनच्या लाल रेषेत, तिच्या कमानी उतरायला अजून बराच अवकाश असतो. कुठल्या तरंगलांबीत काय, केव्हा आणि किती उंचीवर चमकले हा क्रम लागला, की ज्वाळा निम्मी समजली.

सौरज्वाळा म्हणजे नेमके काय? तिथे काही जळते का?

जळत काहीच नाही. ज्वाळेची सगळी ऊर्जा चुंबकीय क्षेत्रातून येते. मोठ्या सौरडागात हे क्षेत्र २,००० ते ४,००० गाऊस असते. पृथ्वीच्या पृष्ठभागावर ते अर्ध्या गाऊसच्या आसपास आहे. डागांतून वर आलेल्या बलरेषा सूर्याच्या बाहेरच्या विरळ वातावरणात, म्हणजे प्रभामंडलात, कमानी करून पसरतात. खाली डाग सरकतात, फिरतात, एकमेकांना घासून जातात आणि वरच्या कमानींना पीळ बसत जातो. हा पीळ भरायला तास नाहीतर दिवस लागतात. सुटायला काही मिनिटे पुरतात.

विरुद्ध दिशांच्या बलरेषा जिथे एकमेकींवर दाबल्या जातात तिथे त्या तुटून नव्याने जोडल्या जातात. याला चुंबकीय पुनर्जोडणी म्हणतात. नव्या जोडणीत क्षेत्राला कमी ऊर्जा पुरते, उरलेली मोकळी होते. तिच्यातून प्लाझ्मा, म्हणजे तिथला विद्युतभारित वायू, तापतो, काही प्लाझ्मा फेकला जातो, आणि बराच मोठा वाटा इलेक्ट्रॉन व आयनांना, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूंना, प्रचंड वेग देण्यात जातो. मोठ्या ज्वाळेची एकूण ऊर्जा १ वर २५ शून्ये इतक्या ज्यूलपर्यंत पोचते. आकडा अफाट आहे खरा, पण सूर्य दर सेकंदाला याच्या ३८ पट ऊर्जा नेहमीच बाहेर टाकत असतो.

एवढी मोठी घटना, मग साध्या प्रकाशात दिसत का नाही?

वरच्या शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे. आपल्याला दिसणारा सूर्याचा पृष्ठभाग, म्हणजे दीप्तिगोल, सुमारे ५,८०० केल्विन तापमानाला दृश्य प्रकाशात आग ओकत असतो. त्या झगझगाटात ज्वाळेची भर नगण्य ठरते. २८ ऑक्टोबर २००३ ची ज्वाळा अतिशय मोठी होती. तिच्यामुळे सूर्याच्या एकूण उत्सर्जनात पडलेली भर उपग्रहाला मोजता आली, पण ती ०.०३ टक्क्यांहूनही कमी होती. याउलट मृदू क्ष-किरणांत शांत सूर्य इतका मंद असतो, की मोठी ज्वाळा त्याला हजारो पटींनी उजळवते. पार्श्वभूमी काळी असली की ठिणगीही दिसते.

तरीही कधीकधी दृश्य प्रकाशात ज्वाळा दिसते, आणि गंमत म्हणजे नोंदवली गेलेली पहिलीच ज्वाळा तशी होती. १ सप्टेंबर १८५९ रोजी सकाळी इंग्लंडमध्ये खगोलनिरीक्षक रिचर्ड कॅरिंग्टन दुर्बिणीतून पडद्यावर पाडलेल्या सूर्यबिंबावरून डागांचे चित्र काढत होते. डागांच्या मोठ्या समूहावर अचानक दोन लखलखीत ठिपके उमटले. साक्षीला कुणाला तरी बोलवावे म्हणून ते धावले आणि मिनिटभराच्या आत परतले, तोवर चमक ओसरायला लागली होती. पाचेक मिनिटांत सगळे संपले. रिचर्ड हॉजसन यांनीही स्वतंत्रपणे तेच पाहिले होते, म्हणून कॅरिंग्टन यांच्या शब्दाला आधार मिळाला.

या गोष्टीतला मला सर्वांत आवडणारा भाग वेगळाच आहे. त्याच वेळी लंडनजवळच्या क्यू इथल्या वेधशाळेतल्या चुंबकमापकाच्या नोंदीत एक छोटा झटका उमटला होता. ज्वाळेच्या क्ष-किरणांनी आणि टोकाच्या अतिनील किरणांनी पृथ्वीच्या वरच्या वातावरणात जादा आयन तयार केले, तिथले विद्युतप्रवाह वाढले आणि सुई हलली. क्ष-किरणांचा शोध लागला १८९५ मध्ये. म्हणजे पहिली ज्वाळा दोन तरंगलांबींत टिपली गेली होती, फक्त दुसरी कोणती हे कळायला अजून काळ जायचा होता.

तरंगलांबी बदलली की नेमके काय बदलते?

मुख्यतः तापमान. प्रभामंडलातला वायू इतका विरळ आहे, की तो सगळ्या रंगांत सारखा चमकत नाही. त्यातले अणू ठरावीक तरंगलांबींना प्रकाश देतात. लोखंडाचेच बघा. लोखंडाच्या अणूत २६ इलेक्ट्रॉन असतात. तापमान वाढत गेले की टकरांमुळे ते एकेक करून झडतात. ८ झडलेला लोखंडाचा आयन १७.१ नॅनोमीटरला चमकतो आणि ६ ते ७ लाख केल्विनची खूण देतो. २० झडलेला आयन १३.१ नॅनोमीटरच्या आसपास चमकतो. तिथे तापमान १ कोटी केल्विन असते. २३ झडले तर १९.३ नॅनोमीटरच्या पट्ट्यात त्याची रेषा येते आणि प्लाझ्मा २ कोटींच्या घरात आहे असे समजायचे. एकाच मूलद्रव्याने दिलेला हा तापमापकच आहे.

दुसरी बदलणारी गोष्ट प्रकाश निघण्याची रीत. टोकाचे अतिनील आणि मृदू क्ष-किरण तापलेल्या प्लाझ्मातून येतात. कठीण क्ष-किरण आणि सूक्ष्मलहरी (मायक्रोवेव्ह) मात्र बहुतांशी वेगवान इलेक्ट्रॉनांकडून येतात, तिथे प्लाझ्माचे तापमान हा निकष लागू पडत नाही.

ज्वाळा क्रमाने कशी वाढत जाते?

ढोबळमानाने तीन टप्पे मानतात, पण त्यांच्या सीमा पुस्तकात असतात तितक्या ठळक नसतात.

पहिला टप्पा पूर्वतयारीचा. काही मिनिटे, कधी अधिक, मृदू क्ष-किरण हळूहळू वर सरकतात आणि अतिनील पट्ट्यांत काही कमानी उजळतात. जवळ गडद तंतू असेल, म्हणजे चुंबकीय क्षेत्राने तोलून धरलेला थंड प्लाझ्माचा पट्टा, तर तो वर उचलला जाऊ लागतो. कित्येक ज्वाळांत कठीण क्ष-किरणांचा पत्ता नसतानाच प्लाझ्मा १ कोटी केल्विनच्या आसपास पोचलेला आढळतो. आधी वेगवान इलेक्ट्रॉन आणि मग उष्णता, ही सरधोपट मांडणी इथे थोडी अडखळते.

दुसरा टप्पा आवेगाचा, काही सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंतचा. पुनर्जोडणी जोरात असते. वेग मिळालेले इलेक्ट्रॉन बलरेषांवरून खाली उतरतात आणि वर्णगोलावर, म्हणजे दीप्तिगोलाच्या लगेच वरच्या दाट थरावर, आदळतात. एकाच वेळी पुष्कळ ठिकाणी उजेड पडतो. कठीण क्ष-किरणांत कमानींच्या पायथ्याशी ठिपके दिसतात, सूक्ष्मलहरींत उसळी येते, १६० नॅनोमीटरच्या अतिनील पट्ट्यात आणि एच-अल्फात लांबट पट्टे उमटतात. ज्वाळा पुरेशी जोरकस असेल तर दृश्य प्रकाशातही ठिपके चमकतात. गॅमा किरण निघायचे असतील तर तेही इथेच सुरू होतात.

आदळलेल्या ऊर्जेने वर्णगोलाचा वायू काही सेकंदांत १ ते २ कोटी केल्विनपर्यंत तापतो. तो खाली मावत नाही. सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाने तो कमानींतून वर चढतो आणि त्यांना भरून टाकतो. वर्णपटात हे थेट पकडता येते, कारण तापलेल्या लोखंडाच्या रेषा निळ्या बाजूला सरकतात. त्याच वेळी एच-अल्फाची रेषा लाल बाजूला सरकलेली असते, म्हणजे वर्णगोलाचा थंड थर खाली दाबला जात असतो. एक वर, एक खाली. आपण प्रभामंडलात जो लखलखाट बघतो तो बव्हंशी खालून वर आलेला माल असतो. मूळचे प्रभामंडल त्यासाठी फार विरळ आहे.

तिसरा टप्पा ओसरण्याचा. मृदू क्ष-किरण शिखर गाठून उतरू लागतात, कमानी थंड होत जातात. हा टप्पा तासन्‌तास चालतो आणि नेमका त्याच्याकडेच कुणी फारसे बघत नाही.

कठीण आणि मृदू क्ष-किरणांच्या आलेखांत काही नाते आहे का?

आहे, आणि हाताशी ठेवावे असे आहे. नळाची धार आणि बादलीतली पातळी डोळ्यांसमोर आणा. कठीण क्ष-किरण म्हणजे धार, त्या क्षणी किती ऊर्जा पडते आहे ते. मृदू क्ष-किरण म्हणजे पातळी, आतापर्यंत कमानींत किती तापलेला प्लाझ्मा साठला ते. धार सर्वांत जोरात असते तेव्हा पातळी सर्वांत झपाट्याने चढते. धार थांबते तेव्हा पातळी शिखराला असते. म्हणून मृदू क्ष-किरणांच्या आलेखाचा चढ काढला तर तो कठीण क्ष-किरणांच्या आलेखासारखा दिसतो. वर्नर न्यूपर्ट यांनी १९६८ मध्ये सूक्ष्मलहरी आणि मृदू क्ष-किरण यांच्यात हे नाते दाखवले, आणि ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. प्रत्येक ज्वाळेत ते तंतोतंत बसत नाही. बसत नाही तिथे बहुधा ऊर्जा इलेक्ट्रॉनांखेरीज दुसऱ्या वाटेनेही पोचत असते.

इथे आणखी एक हिशेब ध्यानात ठेवायचा. आदळणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेचा जेमतेम एक लाखांश भाग क्ष-किरण होऊन बाहेर पडतो, बाकी सगळी उष्णतेत जाते. कठीण क्ष-किरण मंद दिसले म्हणून ऊर्जा थोडी होती असे समजायचे नाही.

पुनर्जोडणी होते ती जागा दिसते का?

थेट दिसणे अवघड, कारण तिथे प्लाझ्मा अत्यंत विरळ असतो. पण खुणा सापडतात. १३ जानेवारी १९९२ रोजी जपानच्या योहको उपग्रहाने सूर्याच्या कडेवरची एक ज्वाळा टिपली. कडेवर असल्यामुळे कमान बाजूने दिसत होती. तिच्या दोन्ही पायांशी कठीण क्ष-किरणांचे ठिपके होते, ते अपेक्षितच होते. तिसरा ठिपका मात्र कमानीच्या माथ्याच्याही वर होता. सातोशी मासुदा यांनी तो शोधून काढला. ऊर्जा कमानीच्या आत सुटत नाही, तिच्या वर सुटते, याचा तो मोठा पुरावा ठरला. पुढे १० सप्टेंबर २०१७ च्या कडेवरच्या ज्वाळेत अतिनील आणि सूक्ष्मलहरी या दोन्हींत कमानींच्या वर उभा, अरुंद पट्टा दिसला. सिद्धांतात विद्युतप्रवाहाचा पातळ पडदा जिथे असायला हवा, तिथेच तो होता.

एच-अल्फात दोन समांतर पट्टे का दिसतात? ते लांब जातात ते कशामुळे?

एच-अल्फा म्हणजे हायड्रोजनची ६५६.३ नॅनोमीटरची लाल रेषा. तिच्यात वर्णगोल दिसतो. कमानींची अख्खी रांग एकामागोमाग उभी असते, त्यामुळे तिचे पाय दोन ओळींत येतात आणि दोन पट्टे दिसतात. एक पट्टा चुंबकीय उत्तर ध्रुवतेवर, दुसरा दक्षिण ध्रुवतेवर.

पट्टे सेकंदाला काही किलोमीटर ते काही दहा किलोमीटर वेगाने एकमेकांपासून दूर सरकतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला वायू दोन्हीकडे वाहतो आहे असे वाटते. वायू तसा वाहत नसतो. पुनर्जोडणीची जागा वर वर सरकते, प्रत्येक नवी कमान आधीच्यापेक्षा उंच आणि रुंद असते, तिचे पाय आणखी बाहेर पडतात. उजेड पुढे सरकतो, वायू जागच्या जागी तापून शांत होतो. म्हणूनच पट्ट्याची बाहेरची कड सर्वांत तेजस्वी असते: ताजा मारा तिथेच चालू असतो. पट्ट्याने किती चुंबकीय क्षेत्र पार केले हे मोजून पुनर्जोडणीचा वेगही काढता येतो, आणि जमिनीवरच्या साध्या एच-अल्फा दुर्बिणीचे मोल इथे कळते.

सोनेरी कमानींचा तो प्रसिद्ध फोटो म्हणजेच ज्वाळा ना?

ज्वाळेनंतरचा पसारा म्हणा. तो फोटो साधारणपणे नासाच्या सौर गतिकी वेधशाळेचा, १७.१ नॅनोमीटरच्या पट्ट्यातला असतो. हा उपग्रह ११ फेब्रुवारी २०१० रोजी सुटला आणि त्याच्यावरचा दुर्बीणसंच दर १२ सेकंदांना टोकाच्या अतिनील पट्ट्यांत पूर्ण सूर्यबिंब टिपतो. १७.१ चा पट्टा ६ ते ७ लाख केल्विनला दिसतो. ज्वाळेच्या भरात कमानी १ कोटीच्या वर असतात, म्हणजे या पट्ट्याला त्या जवळजवळ अदृश्यच. त्या थंड होत होत ७ लाखांवर आल्या की मगच नक्षीदार उजळतात.

एकच कमान धरून पट्टे ओळीने लावले तर हे फार सुंदर दिसते. आधी ती १३.१ मध्ये पेटते, कडा पुसट, धुरकट. काही मिनिटांनी ९.४ मध्ये, तिथे तापमान ६०-७० लाख असते. मग ३३.५ मध्ये, २५ लाखांच्या सुमारास. मग २१.१, मग १९.३, आणि शेवटी १७.१ मध्ये, तोवर धागा धागा सुटा दिसायला लागतो. त्याही पुढे प्लाझ्मा आणखी निवतो आणि ३०.४ नॅनोमीटरमध्ये, ५० हजार केल्विनला, थेंब थेंब होऊन कमानीच्या दोन्ही बाजूंनी खाली घसरतो. याला प्रभामंडलातला पाऊस म्हणतात. सर्वांत शेवटी तोच पाऊस एच-अल्फात दिसतो. जो वायू वर्णगोलातून वर गेला तोच परत वर्णगोलात येतो.

या साखळीत एक सापळा आहे. १३.१ च्या पट्ट्यात १ कोटीची रेषा आहे तशी ४ लाखांचीही आहे. त्यामुळे तीच कमान या पट्ट्यात दोनदा दिसते, एकदा तापलेली आणि बऱ्याच वेळाने निवालेली. वेळ न बघता नुसत्या एका चित्रावरून तापमान सांगायला गेलात तर फसाल.

काही ज्वाळांत तर मुख्य शिखरानंतर तासाभराने किंवा अधिक वेळाने, मृदू क्ष-किरण पार उतरलेले असताना, ३३.५ नॅनोमीटरमध्ये दुसरे शिखर येते. ते जवळच्या दुसऱ्या, जास्त लांब कमानींतून येते.

चित्रांतले रंग खरे असतात का?

नाहीत. टोकाचे अतिनील किरण डोळ्याला दिसतच नाहीत. १७.१ ला सोनेरी, ३०.४ ला लाल, १३.१ ला निळसर हिरवा असे रंग ओळखीसाठी ठरवून दिलेले आहेत.

आणि हो, तेजस्वी ज्वाळेच्या मध्यातून फुलीसारखे किरण निघालेले दिसतात, तेही सूर्यावर नसतात. दुर्बिणीच्या तोंडाशी अतिशय पातळ धातूची गाळणी असते आणि तिला आधार म्हणून बारीक जाळी लावलेली असते. त्या जाळीवरून प्रकाशाचे विवर्तन होऊन ती फुली पडते. कॅमेरा तेजाने भरून गेल्यामुळे मधला भाग पांढराफटक होतो तो वेगळा. ज्वाळेच्या ऐन भरातल्या चित्रांत खरे किती आणि यंत्राचे किती, हे ओळखायला डोळा थोडा तयार व्हावा लागतो.

रेडिओ लहरींत काय वेगळे कळते?

इलेक्ट्रॉन कुठे निघून गेले ते कळते. खाली आदळणारे इलेक्ट्रॉन क्ष-किरणांत दिसतात. उघड्या बलरेषांवरून बाहेर सुटणारे रेडिओत. ते ज्या प्लाझ्मातून जातात तो प्लाझ्मा आपल्या घनतेप्रमाणे ठरावीक वारंवारतेला कंप पावतो. सूर्यापासून दूर जावे तशी घनता घटते आणि वारंवारताही घटते. त्यामुळे वारंवारता-वेळ आलेखावर जवळजवळ उभी, खाली झुकलेली रेघ उमटते. हा तिसऱ्या प्रकारचा स्फोट. रेघेच्या उतारावरून इलेक्ट्रॉनांचा वेग काढता येतो. तो प्रकाशवेगाच्या सुमारे एक तृतीयांशाच्या आसपास येतो. ही रेघ सुमारे १० मेगाहर्ट्‌झच्या खाली गेली की पृथ्वीचे आयनमंडल, म्हणजे वरच्या वातावरणातला आयनांचा थर, ती अडवते, पुढचा भाग यानांवरूनच ऐकावा लागतो. दुसऱ्या प्रकारच्या स्फोटात रेघ मिनिटांच्या हिशेबाने सावकाश उतरते. तिथे इलेक्ट्रॉनांची झोत नसून आघातलाट पुढे जात असते.

गिगाहर्ट्‌झमधल्या सूक्ष्मलहरी निराळ्या. त्या कमानींत अडकून बलरेषांभोवती गिरक्या घेणाऱ्या इलेक्ट्रॉनांकडून येतात, आणि त्यांच्या वर्णपटावरून कमानीतले चुंबकीय क्षेत्र मोजता येते. प्रभामंडलातले क्षेत्र मोजायच्या वाटा मोजक्याच आहेत, त्यामुळे ही फार मोलाची.

रेडिओ स्फोटांनी माणसांनाही चांगलेच घाबरवले आहे. २३ मे १९६७ रोजी अमेरिकेची उत्तर ध्रुवाकडची क्षेपणास्त्र-सूचक रडारे एकाएकी निकामी झाल्यासारखी वागू लागली. शीतयुद्धाचा काळ होता, शत्रूने मुद्दाम रडारे जाम केली असा पहिला समज झाला. सूर्यावर नजर ठेवणाऱ्या हवामान-अधिकाऱ्यांनी हे ज्वाळेचे काम असल्याचे वेळेत कळवले आणि पुढचा अनर्थ टळला. ६ डिसेंबर २००६ च्या स्फोटात पृथ्वीच्या दिवसाच्या बाजूवरचे अनेक जीपीएस संच काही मिनिटे उपग्रहांचा माग गमावून बसले होते.

गॅमा किरण कधी येतात?

आयनांनाही पुरेसा वेग मिळाला तर. वेगवान प्रोटॉन सूर्याच्या वातावरणातल्या अणुकेंद्रांवर आदळतात, न्यूट्रॉन सुटतात, ते मंद होऊन हायड्रोजनमध्ये शोषले जातात आणि २.२२३ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टची रेषा निघते. न्यूट्रॉनला मंद व्हायला वेळ लागतो, म्हणून ही रेषा इतरांहून सुमारे १०० सेकंद मागे पडते. ऑगस्ट १९७२ मध्ये ती पहिल्यांदा सापडली.

२३ जुलै २००२ च्या ज्वाळेत नासाच्या रेसी उपग्रहाने या रेषेचे चित्र काढले तेव्हा आयन आदळल्याची जागा इलेक्ट्रॉनांच्या जागेपासून सुमारे १५,००० किलोमीटर बाजूला निघाली. एकाच ज्वाळेत दोघांच्या वाटा वेगळ्या का, यावर अजून वाद आहेत. फर्मी या अवकाशातल्या गॅमा दुर्बिणीने तर ७ मार्च २०१२ च्या ज्वाळेनंतर सुमारे २० तास उच्च ऊर्जेचे गॅमा किरण टिपले.

एक्स, एम, सी हे वर्ग कशावरून ठरतात?

गोज या अमेरिकी हवामान उपग्रहांवर ०.१ ते ०.८ नॅनोमीटर या पट्ट्यात पृथ्वीजवळ मोजलेल्या मृदू क्ष-किरणांच्या शिखरावरून. ए, बी, सी, एम, एक्स अशी चढती भाजणी, प्रत्येक पायरी दहा पटींची. एक्स-१ म्हणजे चौरस मीटरला ०.०००१ वॅट. एक्सच्या पुढे अक्षर नाही, नुसता आकडा वाढतो. ४ नोव्हेंबर २००३ च्या ज्वाळेत मापकच एक्स-१७ च्या आसपास भरून गेला, शिखराचा अंदाज एक्स-२८ किंवा अधिक असा करावा लागला. चालू २५ व्या सौरचक्रात ३ ऑक्टोबर २०२४ ची एक्स-९ ज्वाळा गाजली. जुन्या-नव्यांची तुलना करताना जपा: गोज-१५ पर्यंतच्या या आकड्यांना ०.७ चा गुणक लावलेला असे, गोज-१६ पासून तो काढून टाकला आहे.

हा वर्ग एका पट्ट्यातल्या एका क्षणाचा आकडा आहे. त्याच वर्गाच्या दोन ज्वाळांत एक १० मिनिटांत संपते, दुसरी ५ तास चालते. ज्वाळा संपल्याची अधिकृत वेळही हिशेबाची सोय आहे: प्रवाह शिखर आणि मूळ पातळी यांच्या मधोमध आला की ज्वाळा संपली असे लिहितात. तेव्हा अतिनीलमध्ये कमानी कुठे नुकत्या दिसू लागलेल्या असतात.

ज्वाळा आणि प्रभामंडलीय उद्रेक एकच का?

नाही. ज्वाळा म्हणजे प्रामुख्याने प्रकाश, तो ८ मिनिटांत पृथ्वीवर येतो. दिवसाच्या बाजूला आयनमंडलाचा खालचा थर दाट होतो आणि लघुलहरींचे रेडिओ संदेश मिनिटे ते तास ठप्प होतात. उद्रेक म्हणजे बाहेर फेकलेला अब्जावधी टन चुंबकित प्लाझ्मा. त्याला पोचायला बहुधा एक ते चार दिवस लागतात. १८५९ चा साडेसतरा तासांत आला होता, तो अपवादच. मोठ्या ज्वाळांबरोबर उद्रेक बहुतेक वेळा असतो, पण ऑक्टोबर २०१४ मध्ये १२१९२ क्रमांकाच्या अवाढव्य डागसमूहाने सहा एक्स ज्वाळा दिल्या आणि त्यांतल्या एकीबरोबरही मोठा उद्रेक झाला नाही. वरच्या चुंबकीय क्षेत्राने झाकण घट्ट धरून ठेवले होते.

एकाच दुर्बिणीने सगळे का बघत नाहीत?

शक्यच नाही म्हणून. एच-अल्फा आणि बरेचसे रेडिओ जमिनीवरून मिळतात. बहुतेक अतिनील, क्ष-किरण आणि गॅमा वातावरण अडवते. कठीण क्ष-किरण तर साध्या आरशाने एकत्र आणताच येत नाहीत. रेसीवर त्यासाठी बारीक फटींच्या जाळ्यांच्या नऊ जोड्या होत्या, अख्खे यान मिनिटाला सुमारे १५ वेळा फिरायचे आणि येणाऱ्या प्रकाशाच्या उघडझापीवरून गणिताने चित्र बांधले जायचे. सोलर ऑर्बिटर या युरोपच्या यानावरचे उपकरण फटींचेच तत्त्व वापरते आणि शिवाय वेगळ्या कोनातून बघते, त्यामुळे पृथ्वीवरून कडेआड गेलेले ज्वाळेचे पाय त्याला दिसू शकतात.

भारताच्या आदित्य-एल१ यानाची मांडणी या दृष्टीने विचारपूर्वक केलेली आहे. एकाच यानावर सोलेक्स मृदू क्ष-किरण मोजते, हेलिओस कठीण क्ष-किरण, आणि सूट दुर्बीण २०० ते ४०० नॅनोमीटरच्या अतिनील पट्ट्यात चित्र काढते. या पट्ट्याचा बराच भाग जमिनीवरून मिळत नाही आणि पूर्ण बिंबाची चित्रे त्यात फार थोडी होती. २२ फेब्रुवारी २०२४ ची एक्स-६.३ ज्वाळा सूटने टिपली, तेव्हा खालच्या थरांतल्या तेजस्वी ठिपक्यांची वाढ आणि वर प्रभामंडलातल्या तापमानाची वाढ यांचा मेळ थेट लावता आला.

ज्वाळा येणार हे आधी सांगता येते का?

शक्यता सांगता येते, वेळ नाही. एकाच डागाच्या आवरणात दोन विरुद्ध ध्रुवता दाटीने आल्या असतील तर धोका जास्त. अंदाज देणारी केंद्रे पुढच्या एक ते तीन दिवसांसाठी टक्क्यांत आकडा देतात. चुंबकीय क्षेत्र आपण रोज मोजतो ते दीप्तिगोलावर. पीळ सुटतो तो हजारो किलोमीटर वर. खालचे बघून वरचे ताडायचे, म्हणून हे अडते.

मला स्वतः एखादी ज्वाळा सगळ्या तरंगलांबींत बघायची आहे. सुरुवात कशी करू?

नुसत्या डोळ्यांनी किंवा गाळणीशिवायच्या दुर्बिणीने सूर्याकडे बघायचे नाही, हे आधी. बाकी सगळे संगणकावर फुकट मिळते. गोजच्या क्ष-किरण आलेखावर अलीकडची एम किंवा एक्स ज्वाळा निवडा आणि सुरुवात व शिखराच्या वेळा टिपून घ्या. सगळ्या वेळा जागतिक प्रमाणवेळेत असतात. मग सौर गतिकी वेधशाळेच्या चित्रसंग्रहात तीच तारीख उघडा. शिखराच्या पाच-दहा मिनिटे आधीपासून १६० नॅनोमीटर बघा, पट्टे तिथे स्वच्छ दिसतात. शिखराच्या आसपास १३.१ वर या. १७.१ मात्र अर्ध्या-पाऊण तासाने पुढे सरकवून उघडा, ज्वाळा लांबलेली असेल तर त्याहूनही उशिरा. ऐन शिखराच्या मिनिटाला तिथे गेलात तर जाळीच्या फुलीपलीकडे फारसे काही हाती लागणार नाही.